डावं मडगार्ड

"नो, नो, नो, सिन्योरा," असं ओरडत तो म्हातारा इटालियन शेतकरी माझ्याकडे धावत आला, तेव्हा मी त्याच्या ट्रॅक्टरच्या डाव्या मडगार्डवर बसले होते. पदर खोचलेला, एक हात नवऱ्याच्या सीटमागे आणि तोंडावर फोटोपुरतं आणलेलं हसू.

"वहिनी, खाली उतरा," आमच्या सहलीचे मॅनेजर दीक्षित म्हणाले. फोटोला उभं राहा असं त्यांनीच सांगितलं होतं. "इथे असं बसायला बंदी आहे."

"मग बाईमाणसाने बसायचं कुठे?"

दीक्षितांनी ते त्याच्या भाषेत विचारलं. म्हाताऱ्याचं नाव आल्दो. तो हातवारे करत बरंच बोलला आणि दीक्षितांनी त्याचं एवढंसं मराठी केलं. "तो म्हणतो, ट्रॅक्टरवर एकच माणूस बसतो."

आमच्या बसमधले सगळे बागाईतदार हसले. माझा नवरा हसला नाही. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या द्राक्षांच्या ओळींकडे बघत होता, जसं काही मागे काही घडलंच नाही. मी मुकाट्याने उतरले. मला वाटलं, बघा, परक्या मुलुखातही यांना माझी बाजू घ्यावीशी वाटली नाही.

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण नुसतं 'हे' आणि 'यांना' लिहीत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून घेते एकदाचं. त्र्यंबकराव. निफाडजवळच्या आमच्या गावात द्राक्षबाग, थोडं कांद्याचं रान आणि एक लाल ट्रॅक्टर, एवढा आमचा पसारा. त्या वर्षी द्राक्ष बागाईतदारांची सहल युरोपातली शेती आणि यंत्रं बघायला निघाली आणि कधी नव्हे ते बायकांनाही न्यायचं ठरलं.

मडगार्डवर चढले याचं खरं तर माझं मलाच नवल वाटलं. तीन वर्षं मी मडगार्डवर बसले नव्हते. आमच्या ट्रॅक्टरवरसुद्धा नाही. पण दीक्षित म्हणाले उभ्या राहा, आणि पाय आपोआप सवयीच्या जागी गेले.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू, सासरे, दोन दीर, त्यांच्या बायका, पोरं, आलेगेले असे इतके लोक असायचे की नवऱ्याशी चार शब्द बोलायचे तर जागाच नसायची. आमचं बोलणं व्हायचं ते ट्रॅक्टरवर. सकाळी मळ्यात जाताना आणि दिवस मावळताना परत येताना. मी डाव्या मडगार्डवर बसायचे, कारण उजव्या हाताला अवजार वर-खाली करायचा दांडा असतो आणि चालवणारा सारखा उजव्या खांद्यावरून मागे बघत असतो. तिकडे बसलं की त्याला मागचं दिसत नाही. इंजिनाच्या आवाजात ओरडून बोलावं लागायचं, पण त्या आवाजामुळेच दुसऱ्या कुणाला काही ऐकू जायचं नाही. मुलीचं नाव ज्योत्स्ना ठेवायचं हे मडगार्डवर ठरलं. भाऊबंदांपासून वेगळं राहायचं ठरलं तेही तिथेच. मी काही बोलायला लागले की त्र्यंबकराव ट्रॅक्टर हळू करायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. समोर बघा, आपण बांधावरून खाली जाऊ, असं मला सांगावं लागायचं.

मग ज्योत्स्नाने तिच्या पसंतीच्या मुलाशी लग्न करायचं म्हटलं. मुलगा चांगला शिकलेला, स्वभावाने गोड, पण आपल्यातला नव्हता. भावकीने तोंडं वाकडी केली. मी मुलीच्या बाजूने उभी राहिले. त्र्यंबकराव फारसं काही बोलले नाहीत. मांडवात पाहुण्यांना पाणी देत फिरले, जावयाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि झालं.

लग्नानंतर दोन दिवसांनी आम्ही मळ्यातून परत येत होतो. अंधारून आलं होतं. मी मडगार्डवर होते. धीर करून मी विचारलं, "मी तिची बाजू घेतली म्हणून तुम्ही माझ्यावर रागावलात का? तसं असलं तर आत्ताच सांगा. पण मनात ठेवू नका."

त्यांनी गिअर बदलला आणि ट्रॅक्टर पुढे नेला.

बस. एवढंच उत्तर मला मिळालं. दुसऱ्या दिवसापासून मी मळ्यात पायी जायला लागले. त्यांनी एकदाही 'ट्रॅक्टरवर बस' म्हटलं नाही. फक्त मडगार्डवर पोत्याची घडी घालून एक गादी बांधलेली दिसायला लागली. मला वाटलं, मजूर बायकांसाठी केली असेल.

नंतर घरातही ते माझ्यापासून लांब लांब गेले. मी स्वयंपाकघरातून काही विचारावं, तर उत्तर नाही. टीव्ही इतका मोठा लावायचे की मी बोलूच नये. ज्योत्स्ना-जावई आले की जेवणाच्या वेळी कोपऱ्यात बसायचे, सगळे हसले की हसायचे आणि हात धुऊन ओट्यावर जायचे. पोरीचा फोन आला की दोन मिनिटं कानाला लावून "तूच बोल" म्हणत माझ्या हातात द्यायचे. ती विचारायची, "आप्पांचा राग गेला नाही ना गं अजून?" मी म्हणायचे, तसं काही नाही. आणि आम्हा दोघींनाही माहीत असायचं की तसंच आहे.

सहलीला निघण्याच्या आधी तिचा फोन आला. तिला दिवस गेले होते हे त्र्यंबकरावांना माहीत होतं, मी सांगितलं तेव्हा "बरं झालं" म्हणून फवारणीला निघून गेले होते. ज्योत्स्ना म्हणाली, "आई, पहिलं बाळंतपण माहेरी करतात. मला यायचंय. पण आप्पांना विचार. त्यांना नको असेल तर मी इथेच करीन. तू परस्पर हो म्हणू नकोस, त्यांच्या तोंडून ऐकून मला सांग."

आपल्याच घरी यायला पोरीला परवानगी मागावी लागते, हे माझ्या जिवाला फार लागलं. आणि ती मागायची कशी, हा घोर घेऊन मी विमानात बसले. म्हटलं, घरापासून लांब गेल्यावर कुठेतरी सापडतील निवांत.

कुठले सापडतात. जर्मनीत ट्रॅक्टर, हॉलंडमध्ये ट्रॅक्टर. जर्मनीतल्या एकाचं मागचं चाक माझ्यापेक्षा उंच होतं आणि वर चढायला शिडी. हॉलंडमधला आपला आपण सरळ रेषेत चालायचा आणि त्याचा मालक आत बसून निवांत कॉफी पीत होता. रात्री जेवताना आमचे पुरुष मुलीसाठी स्थळं बघितल्यासारखे एकेकाचे गुण-अवगुण काढायचे. हा ताकदीचा आहे पण फार थोराड, आपल्या बागेच्या गल्लीत शिरायचा नाही. तो देखणा आहे पण बिघडला तर गावात कोण हात लावणार. मग शेवटी सगळ्यांना आपापल्या ट्रॅक्टरचा उमाळा यायचा. इथला ट्रॅक्टर नुसता शेतीच करतो, आपला बाजार समितीत जातो, वऱ्हाड नेतो, अडल्या बाईला दवाखान्यात पोचवतो. त्यावर एकजण म्हणाला की गोंडे आणि टेप नसलेला ट्रॅक्टर त्याला मुंज्यासारखा वाटतो.

त्र्यंबकराव या चर्चेत नसायचे. दिवसभर ते प्रत्येक यंत्राखाली वाकून बघायचे, नटाबोल्टावरून हात फिरवायचे. पण दीक्षितांना एकही प्रश्न विचारत नव्हते. घोळक्याच्या मागे चालायचे. मी पुढे असते म्हणून, असा मी अर्थ काढला होता.

आल्दोच्या मळ्यात मात्र मजा झाली. मडगार्डचा प्रसंग झाल्यावर आल्दोला बहुधा वाईट वाटलं असावं. सगळे जेवणानंतर झाडाखाली टेकले, तेव्हा तो आम्हा दोघांना आणि दीक्षितांना घेऊन बाग दाखवायला निघाला. तो आणि त्र्यंबकराव पुढे, आम्ही मागे. थोडं चाललं की आल्दो त्र्यंबकरावांच्या डाव्या बाजूला जायचा. आणखी थोडं चाललं की त्र्यंबकराव थांबायचे, वळसा घालून आल्दोच्या डावीकडे यायचे. मग पुन्हा आल्दो. दोन म्हातारी माणसं चालता चालता एकमेकांभोवती फिरत होती. मला हसू आवरेना. आल्दोच्या ते लक्षात आलं असावं, कारण तो एकदम थांबला आणि त्र्यंबकरावांकडे जरा वेळ नीट बघत राहिला. मग स्वतःहून त्यांच्या उजव्या हाताला गेला आणि तिथेच चालत राहिला.

त्याने शेड उघडून दाखवली. कोपऱ्यात त्याच्या तरुणपणीचा जुना ट्रॅक्टर होता, गंजलेला, छप्पर नसलेला. त्याच्या डाव्या मडगार्डवर लाकडी फळी ठोकली होती.

"ही कशाला?" मी विचारलं.

दीक्षित म्हणाले, "त्याची बायको बसायची. तेव्हा बंदी नव्हती."

मी त्या फळीवरून हात फिरवला. मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती.

मग आल्दोने खालच्या सपाट रानातला त्याचा मोठा ट्रॅक्टर दाखवला, काचेच्या केबिनचा. आत चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला एक घडीची सीट होती, शिकाऊ माणसासाठी. त्याने ती उघडली आणि मला बसायची खूण केली. त्र्यंबकरावांना म्हणाला, चालवा. दरवाजा लावला आणि बाहेरचं सगळं बंद झालं. इंजिन चालू आहे की नाही हे कळत नव्हतं, डोक्यावर गार हवेचा पंखा तेवढा घरघरत होता. ट्रॅक्टरवर आम्ही दोघं शेजारी, आणि ओरडायची गरज नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

रानात ट्रॅक्टर हळूहळू पुढे चालला. त्र्यंबकरावांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

मी समोर बघूनच बोलले, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर मला रडू आलं असतं. "ज्योत्स्ना बाळंतपणाला येऊ का म्हणते. तुम्हाला विचारलंय."

ते काहीच बोलले नाहीत.

"अहो, तिला काय सांगू?"

त्यांनी एक बटण दाबून बघितलं. मग दुसरं.

मला तो दिवस आठवला, तोच अंधार, तोच गिअर. रान संपलं, ट्रॅक्टर वळायला थांबला आणि मी दरवाजा उघडून उतरले. मागे वळून न बघता बांधाकडे चालत गेले. तिथे दीक्षित आणि आल्दो उभे होते. माझं तोंड बघून दीक्षित दुसरीकडे बघायला लागले. आल्दोने काहीतरी विचारलं.

"तो विचारतोय, काय झालं."

"काही नाही म्हणावं. माझा नवरा माझ्याशी बोलत नाही, एवढंच."

दीक्षितांनी ते सांगायला नको होतं, पण सांगितलं. आल्दोने शांतपणे ऐकलं आणि भलताच प्रश्न विचारला.

"तो म्हणतो, तुमच्या घरच्या ट्रॅक्टरवर तुम्ही कुठल्या बाजूला बसता?"

"डाव्या. म्हणजे बसायचे."

आल्दोने मान हलवली. स्वतःच्या डाव्या कानात बोट घालून एक छोटंसं यंत्र काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मग त्याने हवेत स्टिअरिंग धरलं, उजव्या खांद्यावरून मागे वळून बघितलं, आणि त्याचा डावा कान पुढे इंजिनाकडे झाला. तसाच थांबून तो दीक्षितांशी बोलला.

"तो म्हणतो, ट्रॅक्टर कुठल्याही देशाचा असो, चालवणारा असाच मागे बघतो. आयुष्यभर. डावा कान इंजिनाच्या तोंडाशी. त्याचा गेलाय, त्याच्या वडिलांचा गेला होता. तुमच्या मिस्टरांचाही गेलाय. बागेत ते दोघे एकमेकांना उजव्या बाजूला घ्यायला बघत होते, तेव्हाच त्याला कळलं."

ते यंत्र आल्दोला परत दिलं आणि मी ट्रॅक्टरकडे निघाले.

त्र्यंबकराव खाली उतरून मागच्या अवजाराची जोडणी बघत होते. मी त्यांच्या डावीकडून गेले. अगदी जवळ उभी राहिले आणि घरात बोलतो तशा आवाजात म्हटलं, "माझ्याशी का बोलत नाही तुम्ही?"

ते वाकून बघतच राहिले.

मी ट्रॅक्टरला वळसा घालून उजवीकडे आले. तेच शब्द, तोच आवाज.

त्यांनी मान वर केली. "कोण बोलत नाही?"

मी केबिनच्या पायरीवर बसले. "त्या कानाला काय झालंय?"

त्यांनी डाव्या कानाला हात लावला. चोरी पकडल्यावर होतो तसा चेहरा झाला. "व्हायचं काय. थोडा थोडा गेला. हा उजवा बी निम्माच राह्यलाय."

"कधीपासून?"

"लय वर्षं झाली असतील. कळलं तवा बराच गेला होता."

"आणि मी मडगार्डवरून एवढं ओरडून बोलायचे ते?"

"तू बोलायला लागली का मी हळू करून तुझ्या तोंडाकडं बघायचो ना. निम्मं कळायचं." मग जरा थांबून म्हणाले, "बाकीचं निम्मं तुझं रोजचंच असायचं."

मी रडत होते आणि त्यातच मला हसू आलं. "मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय करायचं होतं? तू आणखी मोठ्यानं बोलली असती. लोकांना वाटलं असतं, आपण भांडू राहिलो."

"ज्योत्स्नाच्या लग्नानंतर, मळ्यातून येताना, मी तुम्हाला काहीतरी विचारलं होतं."

ते आठवायला लागले. "अंधार होता त्या दिवशी," ते म्हणाले. "तू काहीतरी बोलली, एवढं समजलं. तोंड दिसत नव्हतं. वाटलं, घरी गेल्यावर परत बोलशील. घरी तू काही बोललीच नाही. आन दुसऱ्या दिवशी पायी निघाली. मी मडगार्डवर गादी बांधली, तरी तू बसली नाही."

"ती माझ्यासाठी होती?"

"मग कोणासाठी? मला वाटलं, तुला कळलंय माझ्या कानाचं. बहिऱ्याशी किती दिवस ओरडायचं, कंटाळली असशील. तुझं काय चुकलं त्यात."

तीन वर्षं हा माणूस असं समजून माझ्याशेजारी जेवत होता, झोपत होता, आणि माझ्यावर साधा रुसलाही नव्हता. मी त्यांचा हात धरला. गावात कधी चारचौघांत धरला नव्हता. पलीकडे बांधावर दीक्षित आणि आल्दो मुद्दाम पाठ करून उभे होते.

"मी विचारलं होतं, मी पोरीची बाजू घेतली म्हणून तुम्ही रागावलात का."

"मी?" त्यांना ते खरंच कळेना. "अगं, तू घेतली म्हणून मला काही बोलायची गरज पडली नाही. नाहीतर भावकीसमोर मला बोलता आलं असतं का?"

मी पदराने तोंड पुसलं. "तिला बाळंतपणाला यायचंय. आप्पांना चालेल का विचार, म्हणाली."

ते उभेच होते, ते माझ्याशेजारी पायरीवर टेकले.

"येऊ का, असं विचारती?"

"हो."

"माझ्यामुळं?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी ते ऐकलं.

"फोन लाव तिला," ते म्हणाले.

मी दीक्षितांचा फोन आणला. ज्योत्स्नाचा आवाज आल्यावर म्हटलं, "आप्पांशी बोल," आणि त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो डाव्या हाताने घेतला आणि डाव्या कानाला लावला. आयुष्यभर उजवा हात स्टिअरिंगवर किंवा दांड्यावर असलेला माणूस फोनही डाव्याच हाताने घेतो, हे मला तेव्हा दिसलं. मी त्यांचं मनगट धरलं, फोन काढून घेतला आणि पलीकडे वळून त्यांच्या उजव्या कानाला लावला. आणि तसाच धरून बसले.

"हां, बोल," ते म्हणाले. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. पोर काय बोलत होती ते मला कळत नव्हतं, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. शेवटी म्हणाले, "पाळणा माडीवर बांधायचा का खाली, तेवढं सांग. खाली वारा चांगला येतो." पुन्हा ऐकलं. "नाही गं बाई, कशाचा राग. मला ऐकू येत नव्हतं. आता येऊ राहिलंय. बोल तू."

ज्योत्स्ना सातव्या महिन्यात आली. पाळणा खालीच बांधला. नाशिकच्या डॉक्टरांनी त्र्यंबकरावांच्या कानाला आल्दोसारखं यंत्र दिलं, पण ट्रॅक्टरवर ते घालता येत नाही, इंजिन त्यातही घुसतं. म्हणून नाशिकहून परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी डाव्या मडगार्डवरची गादी सोडली आणि उजव्या मडगार्डवर बांधली.

"तिथं बसलीस तर मला मागचं दिसणार नाही," ते म्हणाले.

"नाही दिसलं तर नाही दिसलं," मी त्यांच्या कानाशी म्हटलं आणि चढून बसले.

त्या वर्षी आमच्या कांद्याच्या सऱ्या जागोजाग वाकड्या आल्या. बांधावरून जाणारे थांबून विचारायचे, त्र्यंबकराव, यंदा काय झालं? ते त्यांना उजवा कान करून नीट ऐकून घ्यायचे, आणि मग काहीच ऐकू आलं नाही असं दाखवून ट्रॅक्टर पुढे न्यायचे.